उभा पलंग

शुक्रवारी सकाळी आम्ही नाशिकला फोन लावतो. दोह्यात शुक्रवारची सुट्टी असते. आम्ही राहतो त्या ओल्ड एअरपोर्ट भागातल्या गल्ल्यांत शाळेच्या बसेस नुसत्या उभ्या असतात, नवरा झोपलेला असतो, लेक कानात इअरफोन घालून बसलेली असते, आणि मी चहाचा कप घेऊन बाबांशी भांडायला बसते. भांडण हीच आमची ख्यालीखुशाली. मी म्हणायचं, तुम्ही शेवेचा डबा कपाटात लपवलाय. त्यांनी म्हणायचं, तुला तिकडून वास आला वाटतं. मग कानाचं यंत्र का लावत नाही, सोसायटीच्या मीटिंगमध्ये वाद का घातला, असं करत करत चहा गार व्हायचा. आईला हे आवडत नसे. एवढ्या लांबून फोन करते आणि म्हाताऱ्या बापावर खेकसते, म्हणायची.

बाबांनी नोकरीची सगळी वर्षं जकात नाक्यावर काढली. ज्या ट्रकवाल्याने न मागता कागद पुढे केले, त्याची गाडी ते हमखास बाजूला घ्यायला लावत. घरीही तीच तऱ्हा. आईने उगाच शिरा केला तरी विचारत, कोण येणार आहे? दादा आईवर गेला, मी बाबांवर. हा संशयी स्वभाव मी जसाच्या तसा उचलला आणि विमानात घालून कतारला आणला. नवरा म्हणतो, तुला कस्टममध्ये अडवायला हवं होतं.

तर एका शुक्रवारी बाबा फोनवर आले आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. त्यांचा चेहरा नीट दिसत होता. हे वाचून कोणी हसेल, पण बाबा फोन धरत तेव्हा आम्हाला फक्त कपाळ आणि नाकपुड्या दिसायच्या. चेहरा दिसत नाही म्हणून ओरडलं की मग बाल्कनीचं छत दिसायचं. त्या दिवशी मात्र ते फोटो काढायला बसल्यासारखे मधोमध होते, खांद्यावर शाल, मागे कोरी भिंत. म्हणजे फोन दुसऱ्या कोणीतरी धरला होता. शिवाय बाबा नेहमी बाल्कनीत बसून बोलत. ही भिंत बाल्कनीतली नव्हती.

"बाबा, शाल कशाला? उकडत नाही?"

"पंख्याचं वारं लागतं गं," हे आईने सांगितलं. बाबा नुसते हसले.

"तब्येत ठीक आहे ना?"

"सगळं ठीक आहे," आई आणि वहिनी एकदम म्हणाल्या.

आखातात राहणाऱ्या माणसाला ‘सगळं ठीक आहे’ ह्या तीन शब्दांची फार भीती वाटते. घरच्यांचा हा रिवाजच आहे. तिकडे एकटी आहे, उगाच जीवाला घोर, रजा मिळायची नाही, नोकरीवर गदा येईल, मग कशाला सांगायचं? सगळं उरकल्यावर सांगतात. आमच्या खालच्या मजल्यावर रत्नागिरीचं एक मुसलमान कुटुंब राहतं. तिथल्या बाईच्या आईचं असंच झालं. ती मला जिन्यात म्हणाली होती, "‘बरा नाय’ येवढाच सांगितलानी मला. मी पोचस्तवर मयत उचलली पन होती." तेव्हापासून माझ्यासाठी ‘ठीक आहे’ म्हणजे चौकशीला सुरुवात.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, माझा चिनी अक्षरांचा वर्ग होता. त्याची हकीकत अशी, की द पर्ल नावाच्या वस्तीतल्या एका इमारतीच्या खालच्या हॉलमध्ये एका चिनी इंजिनियरची बायको ब्रशने अक्षरं काढायला शिकवते. मी लेकीला घातलं होतं. दोनतीनदा जाऊन लेक म्हणाली, "आई, इट्स सो बोरिंग," आणि खलास. मी मात्र तिला सोडायला जाता जाता मागच्या बाकावर बसून अक्षरं काढू लागले होते, ती मीच पुढे चालू ठेवली. बाईंना सगळे लाओशी म्हणतात. लाओशी म्हणजे शाळेतल्या बाई. त्या साधारण माझ्याच वयाच्या, बारीक, आणि चुकलेल्या रेघेकडे बघून जरासुद्धा न रागावणाऱ्या. त्यामुळे त्यांचाही मला थोडा संशय यायचा.

आतापर्यंत आम्ही माणूस, डोंगर, पाणी, दरवाजा असली निरुपद्रवी अक्षरं काढत होतो. त्या दिवशी मी विचारलं, "आजार कसा लिहितात?"

"कोण आजारी आहे?"

"कोणी नाही. असं सगळे सांगतायत."

त्यांनी कागद बाजूला सारला. ते अक्षर सरावाला देत नाहीत, म्हणाल्या. घरात लिहून ठेवायचं नाही, भिंतीला लावायचं नाही. मी हटून बसले तेव्हा त्यांनी एक करड्या रंगाचं कापड काढलं. त्यावर शाईऐवजी नुसत्या पाण्याने लिहितात. ओलं असेतोवर अक्षर काळं दिसतं आणि वाळलं की कापड पुन्हा कोरं. शिक्षणही झालं आणि अशुभ काही घरात उरलं नाही. हा व्यवहार मला ओळखीचा वाटला. आमच्याकडेही मोठ्या दुखण्याचं नाव कोणी घेत नाही. ‘त्यांना ते झालंय’ म्हणतात आणि आवाज खाली आणतात.

त्यांनी अक्षर काढलं, 病. वर एक टिंब, त्याखाली आडवी रेघ, तिच्या डाव्या टोकापासून खाली ओढलेला तिरका फराटा आणि फराट्याच्या बाहेर दोन ठिपके. ह्या सगळ्याच्या आडोशाला आणखी एक छोटं अक्षर बसवलेलं.

"हा पलंग आहे," लाओशी म्हणाल्या.

मला तो कुठल्याच बाजूने पलंग दिसेना. मग त्यांनी मोबाईलवर फार प्राचीन रूप दाखवलं, बैलाच्या हाडांवर आणि कासवाच्या पाठीवर कोरत तेव्हाचं. त्यात खरोखर पलंग होता. त्यावर आडवा माणूस होता आणि माणसाच्या अंगाभोवती थेंब होते. घामाचे म्हणा, रक्ताचे म्हणा, पंडितांचं एकमत नाही. पण पलंग भिंतीला टेकवून ठेवल्यासारखा उभा होता आणि त्याच्यासकट रोगीही उभा होता.

"पडेल ना तो," मी म्हटलं.

लाओशी हसल्या. लिहायचं वरून खाली, एकाखाली एक. जागा अरुंद. मग जे आडवं ते उभं करायचं. घोडे, कुत्रे, डुकरंसुद्धा अशीच शेपटीवर उभी केलीत, म्हणाल्या. पुढे शेकडो वर्षं लिहिता लिहिता माणूस रेघेत मिसळून गेला, थेंब गेले, पलंगाच्या पायांचे म्हणून ते दोन ठिपके तेवढे राहिले. आतलं छोटं अक्षर नुसतं उच्चारापुरतं आहे. काही लोक सांगतात, त्याचा अग्नीशी संबंध आहे, म्हणून आजार म्हणजे अंगातला ताप. ही फोड मला जरा जास्तच सोयीची वाटली. लाओशींनाही वाटत असावी, कारण त्यांनी ती सांगताना खांदे उडवले. उच्चार साधारण ‘बिंग’ असा, वरून खाली आपटलेला. आमच्याकडे बिंग फुटतं, हे त्यांना इंग्रजीत समजावता समजावता माझा ब्रश वाळला.

मी ते अक्षर पुन्हा पुन्हा काढलं. एसीच्या हवेत पाणी भराभर वाळत होतं. शेवटची रेघ ओढेपर्यंत वरचं टिंब नाहीसं व्हायचं. मला लाओशींचा नाही, पण नाशिकचा राग यायला लागला.

त्या आठवड्यात मी वहिनीला दुपारी फोन केला, बाबा झोपलेले असताना. वहिनी कोल्हापूरची, बोलायला मोकळी. पण त्या दिवशी ती माझ्या प्रत्येक प्रश्नावर माझ्या लेकीची चौकशी करत होती. परीक्षा कधी, उंची किती वाढली, अजून चीजच खाते का? ताकास तूर लागू दिली नाही. मग मी आईला विचारलं, बाबा सकाळी फिरायला जातात का? "जातात की," आई म्हणाली, आणि लगेच, "आजकाल ऊन फार आहे म्हणून नाही जात." जाणं आणि न जाणं एकाच दमात. कुठेतरी पाणी मुरत होतं.

पुढच्या शुक्रवारी बाबा पुन्हा मधोमध. मी मुद्दाम शेवेचा विषय काढला. त्यांनी उत्तर दिलं, भांडलेही, पण वाक्य संपवून दम घेतला. घड्याळ मनगटावरून कोपराकडे सरकलं होतं. मी चांगलाच आवाज चढवला, "तुम्ही जेवत नाही आहात, आणि हे सगळे मला मूर्ख समजतात!" बाबा माझ्याकडे टक लावून बघत राहिले आणि मग चक्क खूश झाले. "ओरड, ओरड," म्हणाले. त्या खुशीचा अर्थ मला लागला नाही.

शनिवारी लाओशींना मी सगळं सांगितलं. घरातलं असं बाहेर सांगत नाही मी, पण त्या मराठी मंडळातल्या नव्हत्या, बातमी फुटायची भीती नव्हती. त्या म्हणाल्या, "तुम्हाला एक शब्द देते. तो पण ह्याच अक्षरात संपतो." त्यांनी ओल्या ब्रशने आधी दोन अक्षरं काढली, शंका आणि मन, आणि त्यांना आमचा पलंग जोडला. शंकेखोर मनाचा आजार. त्यांच्याकडे संशयी माणसाला हा रोग आहे असंच म्हणतात. ह्या अक्षराला खोट, व्यंग असाही अर्थ आहे. जुन्या लिखाणात तर त्याचं क्रियापद होतं, काळजी करणे, नावं ठेवणे. अंगात खोड असली तर तिलाही ‘केसांचा आजार’ म्हणतात. म्हणे घोडा विकत घेताना त्याच्या अंगावरचे भोवरे बघत, त्यावरून आलं. आमच्याकडेही घोड्याचे भोवरे बघतच, आणि स्वभावाला औषध नाही हेही आम्ही म्हणतोच, असं मी सांगितलं. पण मला लागलं होतं. मन चिंती ते वैरी न चिंती, हे काय मला कळत नाही? पण संशयाचा रोग असलेल्या माणसाच्या घरात खरा रोग शिरत नाही, असं थोडंच आहे?

तेव्हा लाओशींनी आणखी एक अक्षर काढलं, 疾. तोच पलंग, आडोशाला बाण. हेही आजारच, म्हणाल्या. फार पूर्वी ह्याचं चित्र म्हणजे काखेशी बाण लागलेला माणूस. म्हणून त्याचा अर्थ वेगही होतो. बाणासारखं येतं ते दुखणं. जुन्या पुस्तकांत दोन्ही अक्षरांची वजनं वेगळी होती. साधं दुखणं असलं की हे बाणाचं. ते वाढलं, बरं होण्याची आशा उरली नाही, की आपलं पहिलं अक्षर. आता दोन्ही एकत्र लिहितात आणि कोणाला फरक आठवत नाही.

"पण रोग्याला कसं कळायचं, कुठलं अक्षर चालू आहे ते?" मी विचारलं.

लाओशींनी ब्रश पाण्यात बुडवला. "त्याला कोण सांगणार? लांबची माणसं भेटायला यायला लागली की त्याचं त्यालाच कळत असेल."

मी ते ऐकलं, मान हलवली आणि पार्किंगमध्ये जाईपर्यंत विसरूनही गेले. माझं डोकं दादाभोवती फिरत होतं.

दादाला मी दुसऱ्या दिवशी ऑफिसमधून फोन केला. माझं ऑफिस अल रय्यानला, तिथल्या जिन्यात बरा एकांत मिळतो. हॅलो-बिलो काही नाही, एकदम म्हटलं, "दादा, मला सगळं कळलंय. आता तू तरी खोटं बोलू नकोस." मला ओ की ठो कळलेलं नव्हतं. दादा सरळ माणूस. तिकडून आधी नुसता श्वास ऐकू आला, मग त्याचं रडणं.

पोटात गाठ. पसरलेली. ऑपरेशन करण्यात अर्थ नाही, असं डॉक्टरांनी दादाला बाहेर बोलावून सांगितलं होतं. बाबांना अल्सर सांगितलाय, जरा हट्टी अल्सर. आईला माहीत आहे, वहिनीला माहीत आहे, सोसायटीतल्या दोनचार जणांना माहीत आहे. बाबांना माहीत नाही.

"आणि मला?"

"तुझ्या चेहऱ्यावर सगळं दिसतं गं. त्यांना कळलं असतं." मग म्हणाला, "आता तू एक कर. नेहमीसारखी वाग. आणि धावत येऊ नकोस. जुलैत येतेसच तू. आत्ता अवेळी येऊन उभी राहिलीस की त्यांना काय वाटेल?"

मला त्यातही काळंबेरं दिसलं. ह्यांनी मला इतके दिवस लांब ठेवलं, आता अजून ठेवायचंय. जुलैपर्यंत काय उरेल हे तो बोलला नाही, म्हणजे त्याला ठाऊक होतं. जिन्यात उभी राहून मी रडले कमी आणि चिडले जास्त. माझा संशय खरा ठरला होता, आणि खोटं कशाला सांगू, त्या दुःखातही कुठेतरी मला बरोबर ठरल्याचं समाधान वाटलं. त्याची लाज वाटते.

नेहमीसारखी वाग, हे सांगायला सोपं आहे. पुढच्या शुक्रवारी बाबा समोर आले आणि माझ्या तोंडून भांडण फुटेना. त्यांच्या गळ्याजवळची हाडं वर आली होती. ती मला आधीही दिसली असणार, पण आता त्यांचा अर्थ कळत होता. बाबांनी आपण होऊन शेवेचा विषय काढला. "काल वाटीभर खाल्ली," म्हणाले. मी म्हटलं, "खा हो बाबा, कधीतरी चालतं." कानाचं यंत्र लावलं नव्हतं, मी म्हटलं, टोचत असेल तर राहू द्या. त्यांच्या प्रत्येक बोलण्याला मी हसत होते. मला वाटलं, छान निभावलं. नवराही म्हणाला, चांगली बोललीस आज.

मग मी तिकीट काढलं. साहेबांकडे रजा मागितली तर ते "इन्शाल्ला" म्हणाले, ज्याचा अर्थ ऐकणाऱ्याने स्वरावरून लावायचा असतो. मी तो हो असा लावला. नवरा म्हणाला, दादाचं ऐक. मी ऐकलं नाही. जिवंत बाप भेटावा एवढंच मला हवं होतं. खालच्या मजल्यावरच्या बाईसारखं जिन्यात उभं राहून मला ते कोणाला सांगायचं नव्हतं. बाबांसाठी मी कारण तयार केलं. ऑफिसचं काम मुंबईत निघालंय, तर जाता जाता नाशिक. नवऱ्यासमोर दोनदा म्हणूनही बघितलं.

बुधवारी संध्याकाळी फोन केला. शुक्रवार नव्हता, त्यामुळे फोन धरायला कोणी तयारीत नसणार. बाबांनीच उचलला. कपाळ आणि नाकपुड्या.

"बाबा, अहो, ऑफिसचं एक काम निघालंय मुंबईला. म्हटलं, दोन दिवस नाशिकला येऊन जाते."

"तुझ्या ऑफिसचं मुंबईत काय आहे?"

"नवीन सुरू झालंय."

"बरं." कपाळावरची शीर दिसत होती. "शुक्रवारी भांडली नाहीस ती?"

"कुठे काय. मूड नव्हता."

मग बाबांनी फोन जरा लांब धरला, माझ्याकडे बघता यावं म्हणून, आणि मला त्यांचा चेहरा पहिल्यांदाच त्यांच्या स्वतःच्या हाताने दिसला.

"हे सगळे इथे गोड बोलतात," ते म्हणाले. "ह्यांच्यावर माझा विश्वास नव्हताच. मी दर शुक्रवारी तुला बघायचो. म्हटलं, काही वाईट असतं तर पोरीला सांगितलंच असतं, आणि सांगितलं असतं तर हिला लपवता आलं नसतं. तू शेवेवरून ओरडलीस की मला बरं वाटायचं. म्हटलं, अल्सरच आहे."

मी म्हटलं, "अल्सरच आहे, बाबा." माझा आवाज मलाच खोटा वाटला. "मी रद्द करते तिकीट. जुलैत येते, नेहमीसारखी."

"नको. आता येच."

मी तोंडावर हात धरला होता. त्यांनी तो बघितला आणि नजर बाजूला केली, मला सावरायला वेळ द्यावा तशी. मग आवाज खाली आणून म्हणाले, "एक कर. मला कळलंय, हे आईला कळू देऊ नकोस. फार मेहनत घेतलीय तिने."

मागून आईच्या चपलांचा आवाज आला. "कोण आहे? आज कसा फोन?"

"पोरगी आहे," बाबा मोठ्याने म्हणाले. "काही नाही गं, ऑफिसचं काम निघालंय तिचं मुंबईला. नवीन सुरू झालंय त्यांचं तिथे."